तुमच्या पानातलं मीठ

अहो रेखाचे बाबा,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. डाळ निवडायची सोडून मी लिहायला बसले, कारण मला तुमचा राग आलाय. देवघरात बसून भांडता येत नाही, म्हणून कागदावर भांडते.

सकाळी आपल्या हॉटेलातला शंकर आचारी आला होता. मी विचारलं, "मालकाला काय आवडायचं रे? पानात काय काय करू?" तर मान खाली घालून म्हणाला, "काकू, काई बी करा. आखरी आखरी मालकाला चवच कळत नव्हती. जीभच गेली होती त्यांची."

जीभ गेली होती! आणि मला सांगतंय कोण? आचारी!

मी म्हटलं, "मग बोलला काहून न्हाईस?" तर म्हणे, "मालकानं शपथ घातली होती. फाट्यावर बोभाटा झाला तर गाड्या थांबणार न्हाईत म्हणायचे."

वारंगा फाट्यावरचं आपलं हॉटेल म्हणजे तुमच्या हातचं मीठ. भाजी शंकरनं करायची, पण मीठ मालकच टाकणार, हा तुमचा कायदा. म्हातारपणी तरी तो डबा दुसऱ्याच्या हातात द्यावा! पण नाही.

आता कळतं, रोज सकाळी भाजीची वाटी घेऊन मागच्या दारानं का यायचात. "बघ गं, कशी झाली?" मी म्हणायची, "मीठ जरा कमी आहे." तुम्ही तसेच माघारी. मला वाटायचं, उतारवयात का होईना, माणसाला बायकोची आठवण होऊन राहिली. एका घासासाठी वाटी घासायला पाणी जातं म्हणून कुरकुरायची, पण मनातून खूश असायची. वेडी!

आणि एकादशी? माझा उपास. मी वाटीला शिवायची नाही. त्या दिवशी गिऱ्हाइकांची बोंब ठरलेली. "शेठ, आज समुंदर का पानी डाला क्या?" तुम्ही हसून म्हणायचात, "एकादशीला माझं डोकं फिरतं." अहो, डोकं कुठलं! एक शब्द बोलला असतात, तर पांडुरंगाची माफी मागून चाखलं असतं मी. एवढा संसार करून एवढंच ओळखलंत मला?

रेखाचं तर विचारूच नका. लग्नानंतर पहिल्यांदा जावयाला घेऊन वसमतहून आली, हौसेनं खीर केली. गडबडीत साखर टाकायचीच राहिली लेकराची. तुम्ही वाटी चाटूनपुसून म्हणालात, "लई गोड झाली बघ!" सगळे हसले. पोरगी आत जाऊन रडली, आणि तुम्ही चप्पल घालून हॉटेलात निघून गेलात! नवऱ्यासमोर बाबांनी टोमणा मारला, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. तुम्हाला नेलं तेव्हाही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही तिनं. लेकीपेक्षा फाट्यावरची इज्जत मोठी होती का हो?

दुपारी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिनं खिरीचं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे आई, बाबा मला हसले न्हाईत?" आणि अशी रडली, अशी रडली! ते रडणं तुम्ही जिवंतपणी ऐकायचं होतं. मला एकटीला ऐकावं लागलं.

वय झालं की डोळे जातात, दात जातात. तुमची जीभ गेली, त्यात लाज कसली? माझे गुडघे गेले तेव्हा मी लपवले का?

उद्या रेखा येतेय. खीर मीच करणार म्हणाली. पितरांचं पान वाढायच्या आधी चाखायचं नसतं, उष्टं होतं. मी जन्मभर पाळलं. उद्या पाळणार नाही. वरण, भाजी, कढी, खीर, एकेक चाखून, मीठ-साखर बघून मगच तुमच्या पानात वाढीन. गुरुजी ओरडले तर ओरडू देत. आता वाटी घेऊन मागच्या दारी यायचं नाही. बसल्या जागी जेवा.

अजून रागातच असलेली,
तुमची सुमन