टूहीच्या पबात एकच ग्लास

२७ जानेवारी १९६७, शुक्रवार

आणि पुन्हा सांगतो, दोष माझा नाही. दोष चेकचा आहे. मुकादम रोख देत नाही. चेक देतो, तोही 'जॉन मर्फी' या खोट्या नावाने. आमच्या चरात खोदणारे सगळेच जॉन मर्फी. टॅक्सवाल्यांना मात्र एकही सापडत नाही. असला चेक घेऊन बँकेत गेलो तर बँकवाला पोलीस बोलावील. या अख्ख्या किलबर्न वस्तीत तो वटवणारा माणूस एकच : टूही, आणि तोही स्वतःच्या पबात. आता त्याच्याच गल्ल्यातले पैसे खिशात घालून कोरड्या घशाने बाहेर पडायचं? घरी, समुद्रापलीकडे मेयोत, आमची गायसुद्धा पाणी पाजणाऱ्याकडे मान वळवून बघते.

एकच ग्लास घ्यायचा ठरवलं होतं. सहा झाले, कारण टेबलाला सहाजण होते. एकाने सगळ्यांना पाजायचं, मग दुसऱ्याने. आपला राउंड न देता उठणारा आणि चोर यांत फरक एवढाच, पाकी लव्हेल म्हणतो, की चोराशी लोक बोलतात.

पाकी आमच्या शेजारच्या गावचा. तरुणपणी इथे आला. दर वर्षी म्हणतो, पोरा, यंदा नाताळला घरी जाणार बघ. अजून गेला नाही. बिचाऱ्याला मनावर ताबा नाही.

२९ जानेवारी, रविवार

ऊनाचं पत्र. माझी धाकटी बहीण डोक्याने हुशार, माझ्यावर गेली आहे. तिला मँचेस्टरच्या इस्पितळात नर्सिंगला जागा मिळाली! गणवेश आणि बोटीचं भाडं मिळून चौदा पौंड हवेत. गणवेशाचे पैसे तिथल्या मुख्य नर्सकडे, मेट्रनकडे, वीस मार्चच्या आत पोचले पाहिजेत. नाही तर आई तिला मामाकडे धाडणार. मामाच्या कोंबड्या आणि मामा, दोन्ही सांभाळायला. मामा बोलत नाही. कोंबड्या तरी बोलतात.

तिने लिहिलंय, दादा, तू मुकादम आहेस म्हणून विचारायचा धीर झाला.

मी मुकादम आहे असं मागे घरी कळवलं होतं. अगदीच खोटं नाही. एकदा मुकादम आडोशाला गेला तेव्हा शिट्टी माझ्याकडे देऊन गेला होता.

चौदा पौंड म्हणजे काहीच नाही. दोन शुक्रवार. उत्तर टाकलं : बॅग भर.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

युक्ती सापडली! पहिला राउंड आपणच द्यायचा आणि लगेच उठायचं. चोर नाही, कर्जदार नाही, मोकळा माणूस.

४ फेब्रुवारी, शनिवार

डोकं दुखतंय. पहिला राउंड दिला, टोपी घातली, उठलो. पाचहीजण भडकले. डिनी मोरन तर दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, तुझं पाजलेलं आम्ही पोटात घालायचं आणि आमचं तू लाथाडायचं? आम्ही काय भिकारी आहोत का रे? एकेकाचं परत घेतल्याशिवाय सोडेनात. त्यांचा पाचवा राउंड संपला तेव्हा दुसरी पाळी सुरू झाली होती आणि ती, अर्थात, माझ्यापासून.

युक्ती चांगली होती. माणसं चुकीची होती.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

परवापासून ईस्टरचा उपवास लागला. ईस्टरपर्यंत दारू सोडली. देवाला मध्ये घातलं की डिनीचा बाप आडवा येणार नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

देवाला सगळ्यांनी मान दिला. एकाने आग्रह केला नाही. सहा ग्लास लिंबूपाणी प्यालो. पोटात अजून फसफसतंय. पण माझी पाळी आली तेव्हा पाकीने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, लेकरा, उपवास पिण्याचा असतो, पाजण्याचा नसतो. म्हणजे त्यांनी मला लिंबूपाणी पाजायचं आणि मी त्यांना काळ्या बिअरचे पाइंट. एवढा महाग उपवास आमच्या गावात पाद्र्यानेही केला नसेल.

आज मुकादमाकडून उचल घेतली. पुढच्या चेकातून कापणार आहे. कापू दे. हिशेब पक्का आहे.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आता मात्र फत्ते. चेक वटवला आणि नऊ पौंड मोजून टूहीच्याच हातात दिले. म्हटलं, हे माझ्या बहिणीचे. मी रडलो, पाया पडलो तरी देऊ नका. टूहीने काउंटरमागच्या पितळी घड्याळाखाली ठेवले. टूहीची बायको म्हणाली, शहाणा मुलगा आहेस. पाकीही तोंडभरून म्हणाला, हे मला सुचलं असतं तर माझी आई मला एकदा बघून मग मेली असती.

रात्री खोलीवर उपाशी झोपलो, पण राजासारखा.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

टूही माणूस म्हणून कसा आहे ते पाहायचं ठरवलं. माझी पाळी आली होती, खिशात नाणं उरलं नव्हतं, टेबलावर सहा रिकामे ग्लास माझ्याकडे बघत होते. जाऊन पैसे मागितले. टूही म्हणाला, तूच नको म्हणाला होतास. मी म्हटलं, माझे आहेत. तो म्हणाला, बहिणीचे आहेत. मग मी जरा आवाज चढवला. जरा म्हणजे बाहेर बसस्टॉपवरच्या बाया आत डोकावल्या. शेवटी त्याच्या बायकोने नोटा घड्याळाखालून ओढल्या आणि सांडलेल्या बिअरमध्ये आपटल्या. म्हणाली, घे बाबा, घे तुझी बहीण.

टूही परीक्षेत नापास. अशा कच्च्या माणसाकडे पैसे ठेवले होते, थोडक्यात वाचलो.

१० मार्च, शुक्रवार

ऊनाचं पत्र. दादा, पैसे वाटेत हरवले का? पोस्टात रोज विचारून येते. पोस्टमास्तर मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

पाकीला सगळं सांगून टाकलं. सांगताना नाकातून पाणी आलं. सर्दी आहे. पाकीने ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, सेंट पॅट्रिकच्या सणाला ये. मी आहे.

१७ मार्च, शुक्रवार, दुपार

सेंट पॅट्रिकचा दिवस. आजच्या दिवशी उपवास माफ. चरात कुणी गेलं नाही. पब दारापर्यंत ठासून भरला आहे. पाकी खुर्चीवर चढला, आयुष्यात पहिल्यांदा न डुलता. टोपी काढून ओरडला, गड्यांनो, मेयोची एक पोरगी नर्स व्हायची आहे, आपल्यातल्या कुणाला तरी म्हातारपणी लागेलच! हसले सगळे. टोपी फिरली. डिनीने पौंडाची नोट टाकली. टूहीच्या बायकोने टाकली, माझ्याकडे न बघता.

सोळा पौंड! वर नाणी! हे पबाच्या संडासात बसून लिहितो आहे, बाहेर लोक माझं नाव घेऊन गाताहेत. पोस्ट ऑफिस रस्ता ओलांडला की समोर. या खिडकीतून दिसतंय. आत्ता जातो, थेट मेट्रनला धाडतो.

फक्त आभार मानले पाहिजेत. माणूस आहोत.

१८ मार्च, शनिवार

आभार मानले.

ज्यांनी दिलं त्यांना पाजायलाच हवं होतं. ज्यांनी दिलं नाही त्यांना वगळलं असतं तर जाहीर अपमान झाला असता. आणि सणाच्या दिवशी नुसती बिअर शोभत नाही. पाकीने माझी बाही धरली होती. म्हणत होता, लेकरा, जा, पोस्ट बंद होईल, यांचे आभार मी मानतो. मी त्याला बाजूला सारलं. त्याच्या खिशात काय असणार? म्हटलं, पाकी, तू यात पडू नकोस, ही माझ्या घराण्याच्या अब्रूची गोष्ट आहे. माझ्या नावाने तीनदा जयघोष झाला. पाकी तेवढा ओरडला नाही. रिकामी टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेला. आपला राउंड न देताच. त्याला कुणी चोर म्हणालं नाही.

२० मार्च, सोमवार

मुकादमाकडे उचल मागितली. म्हणाला, मर्फी, तुझी ईस्टरपर्यंतची उचल झाली आहे. मी म्हटलं, ती दुसऱ्या मर्फीची असेल. हसला नाही.

२५ मार्च, शनिवार

गुड फ्रायडेमुळे चेक गुरुवारीच मिळाला. कापून कापून उरला तेवढा. टूहीकडे वटवला. एकच ग्लास.

ऊनाचं पत्र. दादा, मेट्रनला नकार कळवला. जागा आपल्या गावातल्या कॉयनच्या मुलीला गेली. तू मनाला लावून घेऊ नकोस, मुकादमाच्या डोक्याला काय थोडे व्याप असतात? ईस्टर झाला की मामाकडे जाते. खुराड्यापाशी चिखल फार आहे. आई म्हणते, दादाला जमलं तर गमबुटापुरते पाठवू दे. नाही जमलं तर राहू दे.

न जमायला काय झालं? भाऊ मेला आहे का? पुढच्या शुक्रवारपासून पब बंद. कायमचा. आज दोन्ही खिसे उलटे करून पलंगावर झटकले. एका पायाचा बूट तरी येईल. पाठवतो आहे : नऊ शिलिंग.