फळ्यांवरची सहा मिनिटं

लाडक्या मामा,

मराठी लिहायची मला सवय नाही. चुका दिसल्या तर हस, पण पूर्ण वाच. आज लिहितोय कारण तुझ्या तन्वीनं तुझा बर्फातल्या ट्रेकचा प्लॅन परत फ्रिजवर चिकटवलाय, आणि मला तुमच्याकडं पाणी प्यायलासुद्धा फ्रिजपाशी जाववत नाही. आठ दिवसांनी आम्ही दोघं मनालीला निघतोय. तुझ्याशिवाय, तुझ्या कागदावर. आणि त्या कागदात एक आकडा खोटा आहे, मामा. माझा!

हैदराबादेत बर्फ कुठला? म्हणून तू नल्लकुंट्यात घराशेजारच्या प्लॉटवर, बांधकामाच्या वाळूत, मला स्नोशू घालून चालवलंस. वॉचमन काय बोलला आठवतं? "साब, पोट्टे के पावां को बॅडमिंटन के रॅकेटां कायकू बांधे?" तू एकदम सीरियस, "बर्फ में धसना नै ना मियाँ!" तन्वीनं स्कीचा हट्ट धरला तर म्हणालास, "स्की शिकायला दोन हिवाळे जातील. हे घाल आणि बदकासारखी चाल."

वाळूच्या ढिगाला वळसा मारायचा, तू पुढं घड्याळ घेऊन उभा. मागच्या बाजूला, तुला दिसत नाही तिथं, गवंड्यांनी फळ्या टाकलेल्या. आणि मी... हौ मामा, दर फेरीला वाळू सोडून फळ्यांवरून पळालो. सगळ्या फेऱ्या सहा मिनिटांत! तू इतका खूश झालास की प्लेटभर मिरची भजी खाऊ घातलीस.

नुसती मस्ती होती रे! मला काय माहीत, तू त्या सहा मिनिटांवर सगळा प्लॅन उभा करशील? पहाटे तीनला डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीतून निघायचं, सातला नाळेच्या, म्हणजे दोन कड्यांमधल्या त्या उभ्या घळीच्या तोंडाशी, ऊन यायच्या आत नाळ चढून वर. ऊन लागलं की वरून बर्फ आणि दगड सुटतात. हे तूच लिहिलंयस, लाल पेननं.

दवाखान्यात सांगणार होतो. पण तू डेंग्यूच्या तापात नर्सला सांगत होतास, "हा माझा भाचा. बर्फावर घोडा आहे घोडा!" मग कसं सांगू? तूच सांग ना. दोन दिवसांत बरा होऊन घरी येणार होतास तू. मग गेलास कायकू?

एक विचारू? तुला खरंच कळलं नव्हतं? वाळूत स्नोशूचा आवाज येत नाही. फळ्यांवर खडाखडा येतो. आणि तू लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, नुसत्या आवाजावरून कुठला पट्टा ढिला झालाय ते ओळखणारा! जिने चढायच्या सरावात तुझ्या सॅकमध्ये मी वीट टाकली होती, तेव्हा पाचव्या मजल्यावरून ओरडलास, "उचापत्या, तुझी वीट राहिली रे!" त्या दिवशी का नाही ओरडलास? मी आपणहून सांगेन असं वाटलं होतं का तुला?

काल तिथल्या गाईडचा फोन आला. विचारतो, बर्फात तुमची चाल काय? तन्वी ताठ मानेनं म्हणाली, "पप्पांनी स्वतः टाइम घेतलाय, भैया." मी बाजूलाच बसलो होतो, मोबाईल उलटा धरून.

आज सकाळी एकटाच गेलो प्लॉटवर. काम अजून अडकलेलंच आहे, वाळू तशीच. इमानदारीत चाललो. तेवढ्याच फेऱ्यांना अकरा मिनिटं लागली. म्हणजे नाळेपाशी सात नाही, दहा वाजून जातील. ऊन थेट आत. आणि माझ्या मागं दोरीला कोण असेल? तुझी तन्वी.

आता उठतो. तिला सांगतो. मारेल. मारू दे. मग घड्याळ तिच्या हातात आणि रॅकेटां माझ्या पायात. जो टाइम येईल तोच गाईडला सांगायचा. त्यात नाळ बसत नसेल तर झोपडीपर्यंत जाऊ, चहा पिऊ, नाळ खालूनच बघू आणि परत येऊ. शब्द देतो, मामा. यावेळी मस्ती नाही.

फळ्या मी सकाळीच उचलून गेटपाशी ठेवल्यात.

तुझा उचापत्या,
ओंकार