नोंदी पुसतंय कोण?

३ ऑगस्ट, सोमवार
सिस्टर खोटं बोलतायत. शंभर टक्के!

लसींच्या फ्रिजवर लावायचं आमचं तापमान-यंत्र त्यांच्या दवाखान्यातून परत आलंय. तक्रार काय, तर "नऊ तास वीज नव्हती. आली तेव्हा दिवा हिरवा आणि नोंदी कोऱ्या." (हिरवा म्हणजे लसी वापरायला ठीक, लाल म्हणजे वापरू नका.) नोंदी साठवणारी आतली फ्लॅश चिप वाचली. खरंच कोरी! शनिवारी दुपारी चार बाराला फॉरमॅट झालेली, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखी केलेली. त्याआधीचं एक अक्षर नाही.

फोनवर विचारलं, "सिस्टर, फ्रिजचं दार उघडं राहिलं होतं का?"

"म्हणजे? मी पुसलं म्हणायचंय का तुम्हाला, मॅडम?"

आवाज चढला लगेच. चोराच्या उलट्या बोंबा.

५ ऑगस्ट
माझ्या टेबलावर चाळीस वेळा वीज काढली, लावली. चाळीसही वेळा चिप माउंट झाली, म्हणजे यंत्राने तिला ओळखून उघडलं; नोंदी जागच्या जागी. यंत्रात खोट नाही. मग खोट माणसात.

६ ऑगस्ट
आज दुसऱ्या दवाखान्यातून अजून एक यंत्र. तीच तक्रार, तशीच कोरी चिप! दोघी सिस्टर एकमेकींना ओळखतही नाहीत. एकच खोटं दोघींना कसं सुचेल?

कागद काढले. दोन्ही यंत्रं तपासली होती मुनीने. (दिवसाला चार शब्द बोलतो, म्हणून मुनी.) मागाहून नोंदी पुसेल असं काही आत ठेवून दिलंय का त्याने? बढती मला मिळाली, त्याला नाही. तेव्हा हसून "छान" म्हणाला होता. तेच खटकलं होतं मला.

७ ऑगस्ट
मुनीने कपाटातलं यंत्र न विचारता नेलं. मागे जाऊन उभी राहिले, तर लॅपटॉप मिटला! साहेबांच्या कानावर घातलं. "लक्ष ठेव," म्हणाले.

आईला सांगितलं. म्हणाली, "तुला तर भाजीवाल्याच्या तराजूचाही संशय येतो." येतोच. आणि निम्म्या वेळा खरा निघतो!

१० ऑगस्ट, सोमवार
काय लिहू.

जेवणाच्या सुट्टीत मुनी पुन्हा यंत्र घेऊन निघाला. मी मागोमाग. गेला तो थेट कॅन्टीनमध्ये. मोठ्या फ्रिजच्याच बोर्डाला यंत्र जोडलं आणि लागला बटण चालू-बंद करायला.

"काय चाललंय हे?" मी ओरडलेच.

तो दचकला नाही. "फ्रिज सुरू होताना दिवे मंद होतात ना? मग यंत्राचं काय होत असेल?"

सातव्या खेपेला झालं. माझ्या डोळ्यांदेखत! दिवा हिरवा, नोंदी कोऱ्या.

टेबलावर वीज कशी चोख मिळते. दवाखान्यात ती परत येताना फ्रिजची मोटर आधी ओढून घेते. यंत्राचा मेंदू कमी विजेवरही जागा होतो, चिप मात्र अजून झोपलेली. तो हाक मारतो, ती ओ देत नाही. माउंट होत नाही. मग यंत्र समजतं, चिप नवी आहे — आणि फॉरमॅट करतं! तोवर चिप जागी झालेली असते, त्यामुळे फॉरमॅट बिनबोभाट होतं. म्हणजे नोंदी शाबूत होत्या. आपणच पुसत होतो. वीज किती तास नव्हती हे यंत्र शेवटच्या नोंदीवरून ठरवतं; नोंदच नाही, म्हणून दिवा हिरवा. तेही नेमके वीज गेल्यावर, ज्यासाठी यंत्र लावलंय तेव्हाच!

'माउंट नाही झालं तर फॉरमॅट कर' — यंत्राच्या प्रोग्रॅममधली ही ओळ कोणाची? माझी. दोन वर्षांपूर्वीची. कारखान्यातून येणाऱ्या कोऱ्या चिपांसाठी घातलेली.

"लॅपटॉप का मिटलास मग त्या दिवशी?"

"ओळीपुढे तुझं नाव होतं. खात्री झाल्याशिवाय कसं दाखवू?"

११ ऑगस्ट
ओळ काढली. आता यंत्र थांबतं, चिप ओ देईपर्यंत पुन्हापुन्हा विचारतं. नाहीच दिली तर लाल दिवा. पुसायचं काही नाही. कॅन्टीनच्या फ्रिजवर दोनशे खेपा — एकही नोंद गेली नाही.

मुनीची माफी मागितली. "साहेबांकडे तुझी चुगली केली होती मी." म्हणाला, "माहितीये." बस, एवढंच.

१२ ऑगस्ट
दोन्ही सिस्टरना फोन केला. पहिल्या म्हणाल्या, "दिवा हिरवा होता हो, पण लसीच्या बाटल्या हाताला कोमट लागल्या. तुमच्या यंत्रापेक्षा माझ्या हातावर विश्वास आहे माझा. सगळ्या फेकल्या!" दुसरीनेही फेकल्या होत्या. म्हणजे खराब लस कुणालाच टोचली गेली नाही. सुटले!

साहेब खूश. "नव्या यंत्रांत दुरुस्ती घाला. बाकीच्यांना कशाला घाबरवायचं? तक्रार दोघींचीच आहे."

दोघींचीच का?

१३ ऑगस्ट
साहेबांना न विचारता यादीतला पहिला नंबर लावला. कधीही तक्रार न केलेला दवाखाना.

"गेल्या महिन्यात ना? हो, दिवसभर वीज नव्हती. पण दिवा हिरवाच होता की! दुसऱ्या दिवशी लसीकरण झालं, सदुसष्ट बाळं आली होती. का हो मॅडम?"