चंद्रगुपाला सांगायच्या पापांची यादी

२ एप्रिल. उमरकोट.
हिंगलाज देवीला जायचं ठरलं. आधी वाटेत चंद्रगुप. चिखलाचा डोंगर, माथ्यावर चिखल खदखदतो, तिथं चारचौघांत आपलं पाप मोठ्यानं सांगायचं. चंद्रगुप बाबानं चिखलातून बुडबुडा दिला तर पुढं देवीकडं, नाहीतर तिथूनच घरी. मला कसली भीती, माझ्याकडं पापच नाही. पण रिकाम्या हातानं जाणं बरं दिसत नाही म्हणून लिस्ट करते. एक, शेजारच्या शेळीला काठी मारली. दोन, उपासाच्या दिवशी चहात बिस्कीट बुडवलं. तिसरं आठवेना. नातीच्या जुन्या वहीत लिहितेय, अक्षर वाकडं आहे. असू दे, वाचणार कोण.

३ एप्रिल
पेमी पण येतेय. माझी नणंद. तीस वर्षं बोलत नाही, माझ्या घरचं पाणी पीत नाही. ती नथीची गोष्ट. माझी नथ हरवली, मी सगळ्या मोहल्ल्यासमोर म्हटलं पेमीनं घेतली. महिन्याभरानं बाजरीच्या कोठीत सापडली. सांगणारच होते. पण घरात पाहुणे होते, मग दुष्काळ पडला, मग हे गेले, राहिलंच. हे पाप नव्हे, विसरणं. लिस्टीत घालत नाही.
प्लॅन पक्का. बसमध्ये केरांचं, आपल्या वाळवंटातल्या त्या हिरव्या फळांचं, लोणचं द्यायचं, तिला फार आवडतं. आणि माठातलं पाणी बाटलीत भरून नेते, खास तिच्यासाठी. प्याली की मिटलं सगळं. तोंडानं काही बोलायला नको.

७ एप्रिल. बस.
पेमीनं लोणचं घेतलं आणि ड्रायव्हरला दिलं. ड्रायव्हर म्हणाला, अम्मा, झकास झालंय. घेतलं तर खरं ना तिनं. सुरुवात चांगली आहे.

८ एप्रिल. संध्याकाळ, डोंगराखाली.
रोटाचं, म्हणजे बाबाला वाहायच्या जाड भाकरीचं, पीठ मळलं. सगळ्यांच्या घरचं पीठ एका चादरीत, चार कोपरे चौघींनी धरायचे, जमिनीला टेकू द्यायचं नाही. आमचा छडीदार खेतोजी, यात्रेचा म्होरक्या, त्यानं समोरचा कोपरा पेमीला दिला. मी विचारलं, पेमी, गुडघे कसे आहेत. ती खेतोजीला म्हणाली, काका, हिला सांगा ताणून धर, सगळं माझ्याकडं घसरतंय. म्हणजे माझ्याबद्दल बोलली की. मला इतका आनंद झाला की कोपराच सुटला. पीठ वाळूत.
खेतोजी म्हणाला, हरकूबाई, कुणाच्या तरी पोटात काहीतरी अडकलंय. सगळ्या माझ्याकडं का बघत होत्या कोण जाणे.

९ एप्रिल. सकाळी आठ. माथ्यावर, रांगेत.
पुढं सातजण. घसा कोरडा. पेमीसाठी भरलेल्या बाटलीतला एक घोट घेतला. एकच.

सव्वाआठ
पुढं तिघं. पेमीचं झालं. नारळ टाकला, भसकन बुडबुडा. गालाला चिखल लावून समोर उभी आहे, हलत नाही. आणखी दोन घोट घेतले. लहान.

दुपार. खाली उतरून.
शेळी सांगितली, नारळ टाकला. चिखल गप्प. वाऱ्यामुळं असेल. बिस्कीट सांगितलं. गप्प. उसना नारळ टाकला, तरी गप्प. खेतोजी म्हणाला, बाई, नीट आठव. मागून कोणीतरी म्हणालं, आजीचं ओझं मोठं दिसतंय, ट्रॅक्टर मागवा. पुढच्या वर्षी हे गुडघे कुठं असणार. इथूनच परतले तर देवी गेली, पेमीही गेली. शेवटी डोळे मिटले आणि बोलले. पेमीनं नथ घेतली नव्हती. मला सापडली होती. मी गप्प बसले.
बुडबुडा आला. हरभऱ्याएवढा.
पेमी म्हणाली, भाभी, पुढच्याच वर्षी मोहल्ल्यातल्या खेमाच्या लग्नात तू तीच नथ घालून मिरवलीस. सगळ्यांनी पाहिली. तू तोंडानं कधी म्हणतेस, तेवढंच बघत होते.
मग तिनं हात पुढं केला. म्हणाली, पाणी दे तुझ्या घरचं.
बाटली उलटी केली. थेंब नाही.
पेमीनं हात पदराला पुसला. म्हणाली, असू दे. तीस वर्षं थांबले, आता उमरकोटपर्यंत थांबते.