झेंडूच्या ढिगापर्यंतचा उतार

बिबवेवाडी, पुणे
आश्विन वद्य द्वितीया

तीर्थस्वरूप सौ. यमुनावन्संना मंदाकिनीचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण या घरात सध्या सांध्यांचं मोल सगळ्यांना कळलं आहे. श्रीकृपेने साताऱ्यास तुम्ही सर्व सुखरूप असाल. इथे मी सुखरूप आहे आणि आपले बंधू डाव्या हाताने सुखरूप आहेत. (उजवा क्रेप बँडेजात आहे.) फोनच करणार होते, पण फोन हॉलमध्ये आणि आपले बंधूही आठवडाभर हॉलमध्येच. म्हणून पाच रुपयांचं पाकीट.

तर सगळं पहिल्यापासून सांगते. आमचा चि. आमोद नोकरीसाठी अमेरिकेस जाण्याआधी एक सायकल घेऊन आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकवीस गिअरची. तिला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, स्टँड नाही. हल्ली जितकं कमी तितकं महाग असतं, असं दिसतं. आमोदने ती मोजून चार दिवस चालवली, पाचव्या दिवशी व्हिसा आला. सायकल जिन्याखाली राहिली, आणि वारसाहक्क खालून वर जाऊन आपल्या बंधूंकडे आला.

वन्सं, तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत, तेव्हा तुम्हाला मी काय सांगावं. ज्या माणसाने बँकेच्या काउंटरवर एकतीस वर्षं कोणालाही घाई करू दिली नाही, कॉम्प्युटर आले तेव्हा "एवढी कसली गडबड आहे" म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्या माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी वेग हवासा झाला. वरच्या मजल्यावर तेजस म्हणून वर्ध्याकडचा एक इंजिनिअर भाड्याने राहतो. हिंजवडीला जातो आणि रविवारी मित्रांना जमवून सायकलवर कात्रजचा घाट उतरतो. (बसचा पास असताना.) त्याने इंटरनेटवरून सहा पानं छापून आणून दिली. विषय काय, तर उतारावर वेग आणि सुरक्षितता यांचा समतोल. आपल्या बंधूंनी त्यातले सात नियम सुवाच्य अक्षरात उतरवून देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला चिकटवले. वळणात नव्हे, वळणाआधी ब्रेक लावावा. दोन्ही ब्रेक वापरावेत, पुढचा बेताने. वजन मागे न्यावं. नजर चाकाकडे नको, लांब हवी. देव्हाऱ्यातल्या देवांनी पंधरा दिवस हेच वाचलं.

नुसतं लिहून भागलं असतं तर माझी तक्रार नव्हती. रोज जेवणाआधी खुर्चीवर उलटं बसून, पोळपाटावरचं लाटणं हातात धरून, वळणं कशी घ्यायची ते मला दाखवायचे. मी म्हटलं, "अहो, ते लाटणं द्या, पोळ्या व्हायच्यात." तर म्हणाले, "मंदा, वेग हा शत्रू नाही, घाबरणं हा शत्रू आहे." मी म्हटलं, मग शत्रू बाजूला ठेवून ताक घ्या.

आमच्या सोसायटीच्या फाटकातच उतार सुरू होतो तो थेट स्वारगेटच्या बाजूला जातो. रोज सकाळी सहाला आपले बंधू तो उतरायचे. पाच मिनिटांत खाली. मग वर यायला पाऊण तास, कारण चढावर ते सायकलवरून येत नसत, सायकल त्यांच्याबरोबर येत असे. घामाघूम होऊन दारात उभे राहायचे आणि चेहरा असा, की जणू गड सर करून आले. आणि तो ब्रेक! फाटकापाशी लावला की असा किंचाळायचा, की माझी जपाची माळ त्याच मण्यावर अडायची. सोसायटीतल्या लोकांनी गजर लावणं बंद केलं होतं, एवढाच काय तो सार्वजनिक उपयोग.

खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे घरातलं सगळं लोखंड पूजेला काढलं. विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, आमोदचा कॉम्प्युटर (आतून लोखंडच असावं) आणि ही सायकल. सगळं घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून, हळदकुंकू वाहिलं. आपल्या बंधूंनी सायकलला स्वतः फूल वाहिलं. मला आठवतं तसं, आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही ते फूल विसरतात.

दुसऱ्या दिवशी दसरा. तेजस म्हणाला, "काका, आज सीमोल्लंघन करू, भिडा बिनधास्त!" तेजस पुढे, आपले बंधू मागे. तेजसच्या सांगण्याप्रमाणे, पहिल्या वळणाला काकांनी त्याला मागे टाकलं. दुसऱ्या वळणाला तो ओरडला, "काका, थोडं स्लो घ्या!" तिसऱ्या वळणाला काका दिसतच नव्हते. घंटी नसल्यामुळे आपले बंधू तोंडाने "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणत गेले. एक बाई नंतर मला म्हणाल्या, दसऱ्याची कसली तरी मिरवणूक असावी असं त्यांना वाटलं.

उताराच्या पायथ्याशी भीमराव फुलवाल्याने झेंडूचा ढीग मांडला होता, पुरुषभर उंच. बाकी सगळे नियम हुकले तरी नजर लांब ठेवण्याचा नियम त्यांनी पाळला असावा, कारण रस्ता, पदपथ, पाण्याचं पिंप हे सगळं सोडून ते नेमके त्या ढिगात गेले. भीमराव म्हणाला, "काका, झेंडू घ्यायची ही कुठली पद्धत? पाव किलो सांगितला असता तरी बांधून दिला असता." माणूस भला. आपल्याच टेम्पोत त्यांना, सायकलला आणि चुरगाळलेल्या फुलांना घालून घरी पोचतं केलं. मनगट मुरगळलं, कोपर सोललं, चष्मा टेम्पोत सापडला. चुरगाळलेले झेंडू आपल्यालाच घ्यावे लागले, आणि पैसे मोजलेली वस्तू टाकायची माझी पद्धत नाही. यंदा आमच्या घरी पुढच्या दाराला, मागच्या दाराला, न्हाणीघराला, मीटरच्या पेटीला आणि गॅसच्या सिलिंडरला तोरणं आहेत. लोक पाहायला येतात.

त्या दिवसापासून आपल्या बंधूंनी सायकलचं नाव घेणं सोडलं. स्वतः उठून भिंतीवरचे सात नियम काढले. मला म्हणाले, "ब्रेक लावला होता गं मी. वाटतं तरी तसं. पण वेळ चुकली असणार. हात घाबरला. वय झालं." तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची चूक कबूल केली, तीही मी न विचारता. मी देवापुढे साखर ठेवली. आता सहाला उठतात, हॉलच्या गॅलरीत बसतात आणि उताराकडे बघत राहतात. तेजस आला की झोपल्याचं सांगायला लावतात. लाटणं दिवसभर माझ्या ताब्यात असतं. घर इतकं शांत आहे, की फ्रिज कधी चालू होतो, कधी बंद होतो, ते मला कळतं. येत्या रविवारी तेजसच्या ऑफिसातला कोणी गिऱ्हाईक येऊन सायकल नेणार आहे. सुटले एकदाची. जिन्याखाली पापडांचा डबा ठेवायला जागा होईल.

बाकी सर्व क्षेम. भावजींना नमस्कार. गुडघ्यांना तिळाचं तेल लावावं.

आपली आज्ञाधारक,
मंदाकिनी

ता. क. वर तेलाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. खंडेनवमीला तेलाचा हात फिरवला असं मी वर म्हटलं आहे. तो हात चाकाच्या कडांवरूनही फिरला. शिलाई मशीनचं तेल, तीन थेंब नव्हे, चांगली अर्धी बाटली. ब्रेकचं रबर तिथेच घासून किंचाळतं हे माझ्या लक्षात आलं होतं. तिथेच घासून सायकल थांबते, हे लक्षात आलं नव्हतं. त्यांचा हात घाबरला नव्हता, वन्सं. ब्रेक त्यांनी वेळेवरच लावला होता. हे त्यांना मी सांगावं असं तुम्ही म्हणाल. आठवडाभर रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच हेतूने गॅलरीत जाते आणि "साखर पुरे ना" एवढं विचारून परत येते. तुम्हीही सांगू नये. तीस वर्षं मी त्यांना प्रत्येक वस्तू नीट हाताळायला शिकवत आले आहे.

ता. क. २. पत्र मिळताच, रविवारच्या आत, त्यांना फोन करावा. माझं नाव घेऊ नये. म्हणावं, भाऊबीजेला मी येते, स्वारगेटला उतरेन, तू सायकलवर मला घ्यायला ये, नाहीतर ओवाळणार नाही. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत. तोवर मनगट बरं होईल, डॉक्टरांना विचारलं आहे. तुम्ही अर्थात रिक्षानेच यावं. ते सायकल घेऊन पुढे चालतील.

ता. क. ३. चाकाच्या कडा आणि रबरं मी सोड्याच्या गरम पाण्याने तीन वेळा धुतली आहेत. पण नुसतं धुऊन कसं कळणार? म्हणून काल पहाटे, ते उठायच्या आत, ऋचा सासरी जाताना ठेवून गेलेला जुना पंजाबी ड्रेस घालून मी स्वतः सायकल घेऊन उतार उतरले. (मॅट्रिकपर्यंत मी शाळेत सायकलनेच जात होते, हे या घरात कोणी कधी विचारलंच नाही.) तिन्ही वळणांआधी दोन्ही ब्रेक लावून पाहिले. उत्तम लागतात. वजन मागे न्यावं हा नियम बरोबर आहे, तेवढा मान्य करावा लागेल. तिसऱ्या वळणानंतर झेंडूवाल्यापर्यंत सरळ रस्ता आहे, तिथे मात्र मी दोन्ही ब्रेक सोडून दिले. रस्ता मोकळा होता, उगाच रबर कशाला झिजवायचं.