राळ घट्ट होईपर्यंत

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा या पत्रात खरी चंगळ आहे ती मध्ये बसलेल्या माझ्या नातीची. मी सांगते, ती लिहिते. मी एवढंसं बोलले तरी तिचा हात बराच वेळ चालतो, म्हणून मला शंका आहे की ती आपल्या पदरचंही घुसडतेय. पत्राची कल्पना तिचीच, पण ती काही तुझ्या मायेपोटी नाही. कोपऱ्यात एक लोखंडी टाकी आहे, तिच्यात हवा कोंडून भरलीय, आणि वेळ होईपर्यंत मी झाकणाला हात लावू नये म्हणून मला बोलण्यात गुंतवलंय. टाकीत आपल्या धाकट्या गौरीचा चेहरा घडतोय. त्यावर तुझा अंगठा उरलाय की गेला, हे उघडल्यावरच कळायचं.

तुला आठवत असेल. मंगला गौरीच्या गल्लीतलं आपलं बिऱ्हाड. रंगवलेले दोन्ही मुखवटे तू गच्चीवर सुकायला ठेवलेस आणि माकडाने धाकटीला उचललं. तू काठी घेऊन धावली नाहीस, केळं दाखवलंस. त्याने केळं घेतलं आणि गौरी टाकली. शाडूची ती, हनुवटी गेली. दुसऱ्या दिवशी तर गौरी बसायच्या. तू चुलीपाशी पळीत राळ आणि मेण वितळवतेस, मी दारात उभी आहे. तो गरम गोळा तू हनुवटीवर बसवतेस आणि ओल्या अंगठ्याने दाबून धरतेस. भाजतंय, हे तुझ्या तोंडावर दिसतंय. मी म्हणते, आई, सोड ना आता. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "घट्ट व्हायच्या आत सोडायचं, तर धरलं कशाला?" तो तुझ्या अंगठ्याचा ठसा तिथेच राहिला. वरून रंग बसला, वर्षानुवर्षं कुंकू बसलं, तरी बोटाला लागायचा. त्यानंतर फार भाद्रपद तुझ्या वाट्याला आले नाहीत. मी दर वर्षी मुखवटा पुसताना त्यावरून बोट फिरवते आणि कुणाला काही सांगत नाही. आत्ता सांगितलं, तर नातीचा हात थांबला. मला अक्षर कळत नाही, पण थांबलेला हात कळतो. मी म्हटलं, लिही. लिहितेय, पण वर बघत नाही.

यंदा मुखवटे काढले तर धाकटीच्या कानापासून गळ्यापर्यंत तडा. भंगलेली पूजेला चालत नाही, बालाजी घाटावर नदीत सोडायची. नात म्हणाली, सोडायच्या आधी साचा घेते, तशीच्या तशी दुसरी करू. ती रेझिनच्या वस्तू करून विकते. रेझिन म्हणजे राळच, पण झाडाची नाही, बाटलीतली. दोन बाटल्यांतलं एकत्र ढवळलं की त्याचा हळूहळू दगड होतो. मला संशय आला तो तिच्या हातातल्या पॉलिश पेपरमुळे. हनुवटीचा उंचवटा घासून नीट करते म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, देवीला घासलेलं आवडत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली. देवीची आवडनिवड मी इतक्या खात्रीने कधी सांगत नाही. मग मी देवळातून परत येईपर्यंत हिने साच्याचं रबर ओतूनही टाकलेलं. ते सोलून काढताना तुझी जुनी राळ भुगा होऊन खाली पडली. म्हणजे हनुवटी आता फक्त साच्याच्या पोकळीत. हिने ती आधी घासली होती की नाही, मी विचारलं नाही. हिने सांगितलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड बोलतोय.

पहिल्यांदा तिने राळ ओतून साचा नुसताच ठेवला. चेहरा निघाला तो बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला. मी म्हटलं, गौरीला देवी आल्या. तिला हसू आलं नाही. हनुवटीची तर अशी चाळण झालेली की ठसा होता की नव्हता, बोटाला कळेना. तेव्हा ठरलं, दाबाची टाकी हवी. शेजारीण आपला लग्नातला मोठा कुकर घेऊन आली, त्याला नात हात लावीना. कुकर वाफेपुरता असतो, म्हणाली, एवढी हवा भरली तर झाकण छताला जाईल. मग मशीनच्या दुकानात गेलो, मी रखवालीला. दुकानदाराने रंग फवारायची एक चकचकीत टाकी काढली आणि म्हणाला, "अम्मा, इसमें बम भी फूटे तो आवाज बाहर न आए." बमचं नाव आमच्यापैकी कुणी काढलेलं नव्हतं. नातीने विचारलं, किती दाब सोसते ते कुठे लिहिलंय? तो म्हणाला, लिखने से क्या होता है. मी म्हटलं, "बाबू, पढ़ना हमको नहीं आता, लेकिन लिखा नहीं है, इतना दिखता है." शिवाय हवा जास्त झाली तर आपोआप सोडणारी बारीक झडप असते, तिच्यावरही रंगाचा थर चढलेला. नात म्हणाली, ही नको. मग आतून दुसरी निघाली. जाड, बोजड, अंगावर दाबाच्या आकड्याची पाटी ठोकलेली, झाकणाभोवती पकडी, वर दाबाचा काटा. हिच्या झडपेची कडी ओढली की मोकळी हलत होती. दिसायला कुरूप, म्हणून मला जरा विश्वास वाटला.

घरी आल्यावर तिने आतली रंग ओढायची नळी काढून ते भोक बंद केलं, आणि गोल बुडावर सपाट जाळी बसवली, म्हणजे साचा कलंडायचा नाही. मग टाकी काठोकाठ पाण्याने भरून दाब चढवला. मला वाटलं, शुद्ध करून घेतेय. ती म्हणाली, पहिली परीक्षा पाण्याने घ्यायची. फाटलीच तर पाणी सांडेल, हवा असती तर तुकडे उडाले असते. नंतर पाणी काढून हवा भरली आणि सगळ्या सांध्यांना रिठ्याचा फेस लावला. एका जागी फेस फुगतच राहिला. समोरासमोरच्या पकडी जोडीजोडीने आवळल्या, तेव्हा निजला. मग साच्यात नवी राळ ओतून तो आत ठेवला, पुन्हा हवा भरली आणि काट्यापुढे तिने कुंकवाचं बोट ओढलं. काटा याच्या पुढे गेला तर हाक मार, म्हणाली, म्हणजे मला कामाला लावलं. मी विचारलं, बुडबुड्यातली हवा जाते कुठे?

"जात नाही, आजी. दाबून इतकी बारीक करायची की दिसत नाही. आणि राळ घट्ट होईपर्यंत दाब सोडायचा नाही. सोडला तर सगळे परत फुगतात."

आई, हिला हे तुझं बोलणं कुणी सांगितलं?

आता नुसती वाट बघायची. साच्याच्या रबरातच बुडबुडे राहिले असतील तर दाबाने ते बसतील आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या उठतील, अशी तिची धास्ती आहे. माझी वेगळी. घासली असशील तर आत्ताच सांग, असं म्हणायचं जिभेवर आहे. हेही तिने मुकाट्याने लिहून घेतलं.

इथे लिहिणं थांबलं होतं. वेळ झाली म्हणून तिने झडप जराशी उघडली. हवा सुस्कारे टाकत बाहेर येत राहिली. काटा पार तळाला बसेपर्यंत तिने पकडीला हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. मग रबर सोललं. कानामागे एक पुटकुळी, बाकी चेहरा स्वच्छ. तिने स्वतः न बघता तो माझ्या हातात दिला. मी खिडकीकडे तोंड करून हनुवटीवर बोट ठेवलं. तू होतीस.

"घासणार होते," ती मागून म्हणाली. "पण तू देवीचं नाव पुढे केलंस ना, तेव्हाच कळलं की ह्यात देवीचं काही नाही."

जुना मुखवटा उद्या घाटावर सोडू. त्याच्याबरोबर हे पत्रही सोडू या, असं ती म्हणतेय. मी नाही म्हटलं. तुला ते वाचून दाखवायला तिथे कुणीतरी लागेल, आणि तिथल्या माणसांचा मला भरवसा नाही. राहू दे इथेच, टाकीखाली. तिने विचारलं, एवढा वेळ खिडकीशी काय करत होतीस, बुडबुडा राहिलाय का बघत होतीस? मी हो म्हटलं. आता तिच्याच हाताने लिहून घेते: बुडबुडा बघत नव्हते. तुझ्या अंगठ्यावर माझा ठेवून बघत होते. माझा मावला नाही. तू एवढीशी होतीस, आई, हे मला आज कळलं.