पंचावन्नच्या पुढची माणसं

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुझ्या बाथरूमच्या कपाटात, टूथपेस्टच्या मागे, मला काय दिसलं ते तुला कळेल. एचआयव्हीवर काम करणाऱ्या बहिणीला त्या गोळ्या बघताक्षणी ओळखू येतात रे. तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

सिगरेट सोड म्हटलं की तू हसतोस. "कॅन्सर म्हाताऱ्यांना होतो गं. मी कुठला तिथवर पोचतोय!" असं का म्हणतोस, ते आता कळलं.

आम्ही कॉम्प्युटरवर एचआयव्ही असलेली हजारो खोटी माणसं जगवतो. कुणाला गोळ्या देतो, कुणाला सिगरेट देतो आणि कॅन्सर कुणाला होतो ते बघतो. परवा ध्यानात आलं, की जुन्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ आहे, पंचावन्न वर्षांचे झाले की सगळे आपोआप मरतात. चांगल्या गोळ्या नव्हत्या तेव्हाचा तो हिशेब. मी ती ओळ काढून टाकली. माणसं बिनदिक्कत सत्तरी-ऐंशी गाठू लागली आणि त्याबरोबर कॅन्सरचा आकडाही चढला. साहेबांचं तोंड उतरलं.

"अगं, माणसं आजारी पडतायत आणि तू हसतेस काय?"

त्यांना काय सांगू? आजारी पडायला ती आता उरली होती ना!

तुझ्या डोक्यातही तीच जुनी ओळ बसलीय, दादा. तिथे माझा हात पोचत नाही. तू आपणहून सांगशील त्या दिवशी हे पत्र तुझ्या हातात ठेवीन. तोवर फोनवर नुसती कटकट करीन.

तू चांगला टकला, खवचट म्हातारा होणार आहेस. विझव ती सिगरेट.

तुझी कटकटी,
ठमी